बाहाच्या वाटेवर निघण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

परीक्षा आटोपल्यावर दोघा-तिघा सोबत्यांसह गाडीने मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात उतरण्याचा तुझा बेत वाचून मनापासून आनंद झाला. तुम्ही ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर आणि सीमेपलीकडच्या रस्त्यांवर तरुणपण कसे घालवले ते सविस्तर लिहा, म्हणजे त्याच मार्गाने आम्हीही जाऊ, असे तू म्हणतोस. लिहितो, पण तो मार्ग तुला जसाच्या तसा मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सीमेपलीकडच्या तिहुआना शहरातून दक्षिणेला एन्सेनादाला जाणाऱ्या टोलरस्त्याचा एक मोठा तुकडा तर डिसेंबर २०१३ मध्ये कडा खचून समुद्राकडे कोसळला आणि पुढे जवळपास वर्षभर तो रस्ता बंद होता. रस्ता पुन्हा बांधता आला, पण आमच्या वेळची मोकळीक कोणी पुन्हा बांधलेली नाही. आम्हाला ती आयती मिळाली होती, तुला ती तयारीने मिळवावी लागेल. म्हणून आठवणी आणि सूचना अशी सरमिसळ या पत्रात होणार आहे, ती समजून घे.

किनाऱ्यापासून सुरुवात करतो, कारण आमचे सगळे बेत तिथेच शिजत. शनिवारी संध्याकाळी मिशन बीचवर शेकोटीच्या सिमेंटी कड्याभोवती आम्ही जमत असू. मागे १९२५ साली उभारलेला जायंट डिपर हा लाकडी रोलरकोस्टर बंद पडून ओसाड उभा असे (तो पुढे १९९० मध्ये पुन्हा सुरू झाला), आणि समोर पॅसिफिक. कोकणातल्या कोमट पाण्यात डुंबत वाढलेल्या माझ्यासारख्याला हा समुद्र पहिल्यांदा अंगाला लागला तेव्हा श्वासच अडकला होता. उत्तरेकडून वाहत येणाऱ्या कॅलिफोर्निया प्रवाहामुळे हे पाणी ऐन उन्हाळ्यातही वीस अंशांच्या आसपास आणि हिवाळ्यात चौदा-पंधरा अंशांपर्यंत असते. मे-जूनमध्ये तर दुपारपर्यंत आभाळ करडेच राहते, आणि चित्रात पाहिलेला निळाशार कॅलिफोर्निया हा नव्हेच, असे नवख्या माणसाला वाटते. तुलाही तसे वाटेल. कंटाळून घरी बसू नकोस. अशाच करड्या सकाळी सॅन डिएगोतल्या ला होयाच्या किनाऱ्यावर गर्दी कमी असते आणि नवशिक्याला लाटा समजून घ्यायला तीच वेळ उत्तम असते.

त्या किनाऱ्यावरच्या आठवणींत मला सर्वांत प्रिय आहे ती ग्रुनियन माशांची. मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या तीन-चार रात्री, उधाणाची भरती कळसाला पोहोचून ओसरू लागली की हे वीतभर लांबीचे चंदेरी मासे लाटेवर स्वार होऊन वाळूत येतात. मादी शेपूट वळवळवत ओल्या वाळूत अर्धेअधिक अंग रुतवून घेते आणि सरळ उभी राहते. नर तिच्याभोवती वेटोळे घालतो. अर्ध्या मिनिटात अंडी घालून होतात आणि पुढची लाट आली की दोघेही तिच्याबरोबर परत जातात. ती अंडी पुढच्या उधाणापर्यंत वाळूखाली थांबतात आणि पाणी तिथवर पोहोचल्यावरच फुटतात. हे मासे नुसत्या हातांनीच पकडण्याची मुभा आहे, त्यासाठी परवाना लागतो, आणि विणीच्या मुख्य महिन्यांत पकडण्यास पूर्ण बंदी असते. तू पकडायच्या भानगडीत पडूच नकोस. विजेरी न लावता, पाण्यापासून जरा दूर, शांतपणे बसून पाहा. भरतीचे तक्ते पाहण्याची, चंद्राची तिथी ध्यानात ठेवण्याची सवय मला या माशांनी लावली आणि तीच सवय पुढे बाहाच्या किनाऱ्यांवर तंबू कुठे ठोकायचा हे ठरवताना कामी आली.

समुद्राबद्दल दोन-चार गोष्टी मात्र पाठ कर. किनाऱ्यापासून आत ओढून नेणाऱ्या प्रवाहात सापडलास तर त्याच्याविरुद्ध हात मारू नकोस, किनाऱ्याला समांतर पोहत जा, प्रवाह अरुंद असतो आणि थोड्याच अंतरावर सुटतो. ला होयाच्या उथळ पाण्यात पाकटे वाळूखाली दडलेले असतात, तिथे पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाल. पाऊस पडून गेल्यावर तीन दिवस पाण्यात उतरू नकोस. सीमेलगतच्या इम्पीरियल बीचला तर तिहुआना नदीतून वाहत येणाऱ्या सांडपाण्यामुळे गेल्या काही वर्षांत बहुतेक काळ पाण्यात उतरायला बंदीच आहे. ज्या किनाऱ्यावर आम्ही बिनधास्त पोहलो तिथल्या मुलांना आज पाण्याला पाय लावता येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आता सीमा. आमच्या काळी सॅन इसिड्रोच्या सीमानाक्यावर गाडी हळू करायची, पलीकडच्या अधिकाऱ्याने हात हलवून पुढे जायला सांगायचे, की झाले मेक्सिकोत. परतताना अमेरिकी मित्र आपले नागरिकत्व तोंडी सांगून सुटत. पासपोर्ट किंवा तत्सम कागद दाखवण्याची सक्ती त्यांच्यावर जून २००९ पासून आली. आम्हा भारतीय विद्यार्थ्यांना मात्र तेव्हाही पासपोर्ट आणि विद्यापीठाची कागदपत्रे छातीशी धरूनच परतावे लागे. समुद्राकाठी, जिथे सीमारेषा पाण्यात शिरते, तिथे १९७१ साली अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी पॅट निक्सन यांच्या हस्ते एका मैत्री उद्यानाची सुरुवात झाली होती, आणि दोन्हीकडची कुटुंबे तिथे येऊन तारेपलीकडच्या आप्तांशी बोलत बसत. नव्वदच्या दशकात कुंपण पक्के झाले, १९९४ च्या ऑपरेशन गेटकीपर या अमेरिकी सीमाबंदोबस्ताच्या मोहिमेनंतर पहारा वाढला, आणि २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तर सगळेच आवळत गेले.

म्हणून तुझ्या कागदांविषयी स्पष्ट लिहितो. अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही, पण प्रवेशाचा परवाना सीमेवर थांबून आठवणीने घ्यावा लागतो. तिथे कोणी थांबवले नाही म्हणून तसाच पुढे गेलास तर दक्षिणेला अडचण येऊ शकते. तुझा अमेरिकेचा व्हिसा संपलेला असेल तर हे गणितच बदलते, आणि हे नियम अधूनमधून फिरतात. त्यामुळे निघण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन समक्ष विचार आणि आय-ट्वेंटीवर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या विद्यार्थी-कागदावर, प्रवासाची सही आहे ना ते पाहा. मित्राच्या मित्राचे तसेच चालून गेले, या भरवशावर एक पाऊलही टाकू नकोस. गाडीचा अमेरिकेतला विमा मेक्सिकोत चालत नाही; तिथला विमा आधीच काढ, तो ऑनलाइन मिळतो.

आठवणींच्या बाबतीत एक गोष्ट मी वयाने मोठा झाल्यावर नीट समजून घेतली, आणि तुला ती आधीच सांगावीशी वाटते. आम्ही काढलेल्या वर्गणीत, तिहुआनाच्या पुढे रोसारितोच्या दक्षिणेला पुएर्तो नुएवो या कोळ्यांच्या वस्तीत प्रत्येकाला अख्खी शेवंड मिळे: मधोमध चिरून तळलेली, सोबत भात, घेवडा आणि गव्हाच्या मोठ्या पातळ टॉर्टिया. विद्यार्थ्यांच्या खिशाला हे परवडत होते, कारण १९८२ साली मेक्सिकोचे चलन, पेसो, कोसळले होते आणि त्यानंतर ते वर्षानुवर्षे घसरतच राहिले. शेवटी १९९३ मध्ये नोटांवरची तीन शून्ये पुसून नवा पेसो काढावा लागला. आमची चैन चालली होती त्याच वेळी आम्हाला वाढणाऱ्या त्या बाईची आयुष्यभराची शिल्लक मातीमोल होत होती. शेवंडीची चव त्यामुळे कमी होत नाही, परंतु ही आठवण सांगायची तर तिच्यासकट सांगितली पाहिजे. तू जाशील तेव्हा सांगितली ती किंमत दे, बक्षिशी हात आखडून देऊ नकोस, आणि मद्य पिण्याचे वय तिकडे अठरा व इकडे एकवीस असल्याने तिहुआनात केवळ धिंगाणा घालायला जाणाऱ्या टोळक्यांपासून लांब राहा. जवळजवळ वीस लाख माणसांचे ते शहर आहे. तिथे लोक राबतात, मुले वाढवतात.

थोडे स्पॅनिशही शिकून जा. मेक्सिको आपल्याला परका वाटायचे खरे तर कारण नाही. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२० च्या दशकात तिथे पोहोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्यांनी शिकवले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, आणि तिथले चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या भित्तिचित्रातही त्यांना जागा मिळाली. एन्सेनादाच्या मासळीबाजाराशेजारी टॅकोच्या गाडीवर उभा राहून मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी हे सांगितले, तेव्हा कढईत पिठात बुडवलेले माशाचे तुकडे सोडणाऱ्या मावशींनी हातातला झारा बाजूला ठेवून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले आणि तो माणूस मक्याचे काय करायचा, असे बारकाईने विचारले. त्या टॅकोत गरम मासा, वर कच्चा कोबी, पातळसर सायीची चटणी आणि लिंबू एवढेच असे, आणि तो उभ्यानेच खायचा.

एन्सेनादाच्या पुढे खरा प्रवास सुरू होतो. तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंत सुमारे १७०० किलोमीटरचा पहिल्या क्रमांकाचा महामार्ग १९७३ साली पूर्ण झाला, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा तो नवाच होता, तरीही अरुंद होता आणि बराचसा आजही तसाच आहे: दोनच पदरी, कडेला साईडपट्टी जवळपास नाही. रात्री गाडी चालवू नकोस, हा माझा एकमेव हुकूम समज. अंधारात गुरे रस्त्यावर येऊन उभी राहतात आणि समोरून ट्रक येत असेल तर गाडी उतरवायला जागा नसते. गावाच्या तोंडाशी गतिरोधक अचानक येतात, ओढ्यांच्या जागी रस्ता एकदम खाली उतरतो. एल रोसारियोला टाकी काठोकाठ भर. तिथून गेरेरो नेग्रोपर्यंत साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर पंपाचा भरवसा नाही, वाटेत कोणी पिंपातून पेट्रोल विकताना भेटले तर तेवढेच. गाडी बंद पडली तर आन्हेलेस वेर्देस या सरकारी सेवेची हिरवी वाहने मदतीला येतात, पण त्यांची वाट पाहण्याइतके पिण्याचे पाणी आपल्या गाडीत हवे. लष्कराच्या नाक्यांवर थांबवतील. गॉगल काढ, नमस्कार कर, विचारले तेवढेच सांग.

याच पट्ट्यात कातावीन्याचे वाळवंट लागते, घराएवढ्या गोल शिळांचे आणि त्यांच्यामधून उगवलेल्या सिरिओ झाडांचे, ज्यांचे खोड निमुळते होत उंच जाते आणि कधी कधी वाकून पुन्हा जमिनीकडे येते. इथे घाई करू नकोस. आमच्यातले काहीजण काबोला पोहोचण्याच्या ईर्षेने हा भाग झोपेत ओलांडत, आणि त्यांना या प्रवासातले आज फारसे काही आठवत नाही.

तुझ्याकडे आठवडाच असेल तर काबो सोडून दे आणि सान इग्नासियोच्या खाडीला जा, तेही जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातून करडे देवमासे हजारो किलोमीटर पोहत विण्यासाठी इथे येतात. एकोणिसाव्या शतकात शिकाऱ्यांनी याच खाड्यांत शिरून त्यांची कत्तल केली, आणि पिलांना वाचवण्यासाठी होड्या फोडणाऱ्या आयांना सैतान ठरवले. पुढे १९७२ साली पाचिको मायोरल या कोळ्याच्या होडीला एक मादी खेटून थांबली, त्याने भीतभीत हात लावला, आणि तिथून माणसांशी त्यांचे नाते पालटले. मी पाहिली ती मादी आपल्या पिलाला पाठीवर तोलून होडीकडे ढकलत होती. हात लागला तेव्हा पिलाची त्वचा ओल्या रबरासारखी गुळगुळीत लागली, आईच्या अंगावर मात्र शिंपल्यांची खरखरीत पुटे होती. या खाडीत प्रचंड मिठागर उभारण्याचा घाट घातला गेला होता. मोठ्या विरोधानंतर मार्च २००० मध्ये मेक्सिकोच्या सरकारने तो रद्द केला. २०१९ नंतर या देवमाशांची संख्या पुन्हा बरीच घटली आहे. म्हणून परवानाधारक होडीवाल्याबरोबरच जा आणि मासा आपणहून आला तरच हात पुढे कर.

एक कटू गोष्ट लपवत नाही. एप्रिल २०२४ मध्ये एन्सेनादाच्या दक्षिणेला निर्जन किनाऱ्यावर तळ ठोकलेल्या तीन तरुण सर्फरांचा खून झाला. आम्ही अशाच जागी, पहाटे लाटा पाहायला मिळाव्यात म्हणून, उघड्यावर झोपत असू. तू तसे करू नकोस. जिथे राखणदार आहे, इतर कुटुंबे उतरली आहेत, अशाच तळावर राहा, आणि रोज संध्याकाळी कुठे आहोत ते घरी कळवत जा.

परतीसाठी रविवार टाळ. त्या दुपारी सॅन इसिड्रोला तासन्‌तास रांगेत अडकून पडावे लागते. एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी एन्सेनादाहून ग्वादालुपे खोऱ्यातून, द्राक्षांच्या मळ्यांमधून वर येऊन तेकातेच्या लहान नाक्यावरून परत ये. मात्र तो नाका रात्री बंद असतो, तेव्हा वेळा पाहून निघ. तारखा ठरल्या की मला कळव, म्हणजे गेरेरो नेग्रोत मुक्कामाला बरी पडेल अशी जागा सुचवीन.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
काका