दात मातीत पडला, तर आधी दूध शोधा

थंडी सुरू झाली की नाशिकच्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळी धुळीनं माखलेली मुलं जास्त येतात. शाळांचे क्रीडा सप्ताह, सकाळच्या क्रिकेटच्या मॅचेस, गच्चीवरचे पतंग. मुलांनी बाहेर खेळलंच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. या वेळी मुख्यतः पडलेल्या आणि तुटलेल्या दातांबद्दलची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मी क्रीडाशिक्षक आहे. खो-खो खेळताना सातवीतली एक मुलगी खांबावर आपटली आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. मी तो नळाखाली घासून धुतला, रुमालात बांधला आणि तिच्या वडिलांची वाट पाहिली. डॉक्टरांकडे पोचायला दोन तास गेले. त्यांनी दात बसवला, पण किती टिकेल सांगता येत नाही म्हणाले. आम्ही काय करायला हवं होतं?
– एक शिक्षक, निफाड तालुका

उत्तर : सर, तुम्ही दात शोधलात आणि जपून नेलात, हेच पुष्कळदा होत नाही. पण घासणं आणि रुमाल, या दोन गोष्टी दाताला मानवत नाहीत. मुळावर जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो आणि त्याच्याच जोरावर दात हाडाला पुन्हा धरतो. घासलं की तो थर निघतो, कोरडा राहिला की मरतो. १५ मिनिटांच्या आत दात जागेवर गेला तर बहुतेक पेशी वाचतात. तासभर कोरडा राहिला तर जवळपास सगळ्या जातात. म्हणून या अपघातातला सगळ्यांत मोलाचा उपचार मैदानावरच्या माणसाच्या हातात असतो. आम्ही डॉक्टर त्यानंतर येतो.

आधी मूल पाहा. शुद्ध हरपली, उलट्या झाल्या, गुंगी आली, किंवा वरखालचे दात नेहमीसारखे जुळत नाहीत असं ते म्हणालं, तर दाताचा विचार नंतर, आधी मोठं रुग्णालय. मूल ठीक असेल तर दात उचला, पण तोंडात दिसतो त्या पांढऱ्या भागाला धरून. मुळाला बोट लावू नका. माती असेल तर दुधात बुडवून हलवा, नाहीतर गार पाण्याच्या धारेखाली काही सेकंद धरा. डेटॉल, साबण, ब्रश काही नको. मग शेजारच्या दातांकडे बघत, बाहेरची बाजू ओठाकडे ठेवून, तो हलक्या हातानं खाचेत सरकवा आणि मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. हात कापतील हे मला माहीत आहे. तरीही करा, कारण यापेक्षा चांगला उपाय नाही.

मूल फार रडत असेल किंवा तुमचा धीर होत नसेल तर दात गार दुधात ठेवा. चहाच्या टपरीवरही दूध मिळतं. फक्त ते तापलेलं किंवा साखर घातलेलं नको. दूध नसेल तर मुलाला छोट्या डबीत थुंकायला सांगून त्या लाळेत दात बुडवा. साध्या पाण्यात ठेवून प्रवास करू नका, पाण्यानं त्या पेशी फुगून फुटतात. आणि पालक येईपर्यंत थांबू नका. त्यांना फोन करून थेट दवाखान्यात बोलवा. तिथे दात बारीक तारेनं शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारतात, कारण मैदानातली माती जखमेत गेलेली असते.

तुमच्या विद्यार्थिनीचा दात उशिरा का होईना बसवला, हे योग्यच झालं. पुढे त्याचं मूळ हळूहळू झिजलं तरी तोवर तिथलं हाड आणि जागा राखली जाते. वाढत्या वयात ही मोठी गोष्ट आहे. रूट कॅनाल आणि पुढच्या तपासण्या तिच्या घरच्यांनी टाळू नयेत, एवढं मात्र बघा.

प्रश्न : माझा तीन वर्षांचा नातू बागेत स्वेटरच्या खिशात हात घालून पळताना तोंडावर पडला. दात निघाला. मी तो परत बसवायला निघालो होतो, सुनेनं अडवलं. बरोबर कोण?
– एक आजोबा, पुणे

उत्तर : आजोबा, सूनबाई बरोबर. दुधाचा दात कधीही परत बसवायचा नाही, कारण त्याच्या मुळाच्या टोकाशीच कायमचा दात तयार होत असतो आणि त्याला इजा होते. समोरचे खालचे कायमचे दात साधारण सहा-सातव्या वर्षी येतात, वरचे सात-आठव्या. नवा आलेला कायमचा दात मोठा, किंचित पिवळसर आणि कडेला करवतीसारखा दिसतो.

पण दुधाचा असला तरी दात शोधा. सापडला नाही आणि मूल खोकत असेल, श्वासात शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा. शेजारचा दात काही दिवसांनी करडा पडला तर घाबरू नका, पण हिरडीवर पुळी आली तर दाखवा. आणि पळताना हात खिशाबाहेर! हात मोकळे असले की मूल पडताना ते पुढे करतं.

प्रश्न : डॉक्टरमावशी, सीझन बॉल लागून माझ्या पुढच्या दाताचा तुकडा पडला. सकाळी सायकलवरून जाताना गार वारा लागला की झिणझिण्या येतात. आईला सांगितलं तर क्रिकेट बंद होईल.
– वय १२, सोलापूर

उत्तर : तू आजच आईला सांग आणि हे उत्तर तिला वाचायला दे. दाताचा आतला थर उघडा पडलाय, म्हणून वारा झोंबतो. आरशात बघ: तुटलेल्या जागी मधोमध लाल किंवा गुलाबी ठिपका दिसला तर आजच डॉक्टरांकडे जायचं, नाहीतर उद्या-परवा. तुकडा सापडला असेल तर दुधात घालून ने, पुष्कळदा तोच चिकटवता येतो. आणि ताई, त्याचं क्रिकेट बंद करू नका. मोठ्यांचा सीझन बॉल दीडशे ग्रॅमहून जड असतो. त्याला जाळीचं हेल्मेट घेऊन द्या, मापाचा माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसणारं मऊ कवच, करून घ्या.

प्रश्न : आम्ही मिनेसोटात असतो. मुलानं बर्फात खेळताना लोखंडी कठड्याला जीभ लावली, ती चिकटली. ओढून सोडवली तेव्हा रक्त आलं.
– एक आई

उत्तर : ओढायचं नाही. कोमट पाणी हळूहळू ओतलं की जीभ सुटते. पाणी नसेल तर तिथेच तोंडानं गरम वाफ सोडत राहायची. जखमेवर स्वच्छ कापड १० मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबलं नाही, तर दवाखाना.

प्रश्न : मुलगी थंडीत खेळून आली की दाढ दुखते म्हणायची. संक्रांतीच्या सुमारास गाल सुजला. सासूबाईंनी शेक दिला, लवंगेचं तेल लावलं. दोन दिवसांत सूज उतरली. आता दाखवायची गरज आहे का?
– एक आई, जळगाव

उत्तर : आहे. सूज उतरली म्हणजे पू बाहेर पडायला वाट मिळाली असेल. कीड आणि संसर्ग दाढेतच आहेत. सासूबाईंनी मायेनं केलं, पण सुजलेल्या गालाला गरम शेक नको, बाहेरून गार फडकं ठेवा. लवंगेच्या तेलानं किंवा हिरडीवर ठेवलेल्या गोळीनं आतली कातडी भाजते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. सूज परत आली आणि डोळ्यापर्यंत चढली किंवा जबड्याखाली गळ्याकडे उतरली, ताप आला, तोंड उघडेना, लाळ गिळता येईना, श्वास जड झाला, तर दंतवैद्याची वेळ घेत बसू नका. रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात न्या. यातलं काहीच नसलं तरी तिला याच आठवड्यात दाखवा, दाढ दुधाची असली तरी.