स्वीकारायचं म्हणजे सोसायचं का?

‘ताई, मी ४३ वर्षांची. ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. लेक माटुंग्याला कॉलेजला जाते. तिला यायला अर्धा तास उशीर झाला की माझ्या डोक्यात अपघातापर्यंत सगळं घडून जातं. तिला फोन, मग तिच्या मैत्रिणीला फोन. वर्ष झालं, झोप नाही, मान आखडलेली. ईसीजी, थायरॉइड नॉर्मल. समुपदेशक मॅडम म्हणतात, भीती स्वीकारा. लग्नाला वीस वर्षं झाली, सगळं स्वीकारलंच ना? अजून किती? आणि दर मंगळवारी कुठे जाते, हे सासूबाईंना काय सांगू?’

तुमचा राग अगदी पटला. ‘घे जुळवून’ हे जन्मभर फुकट ऐकलेलं, तेच पैसे मोजून ऐकावं लागलं तर कोणाचंही डोकं फिरेल.

पण मॅडम ज्या उपचाराबद्दल बोलत असाव्यात, त्यात सासूबाई, घरकाम, नवऱ्याचं गप्प बसणं यातलं काहीच मुकाट्याने सोसायचं नसतं. स्वीकारायची ती फक्त छातीतली धडधड. लिझाबेथ रोमर आणि सुझन ओर्सिलो या अमेरिकेतल्या दोघी मानसशास्त्रज्ञांनी सततच्या चिंतेसाठी ही पद्धत बसवली. त्यांचं म्हणणं, त्रास नुसत्या भीतीचा नसतो. ती येऊच नये म्हणून आपण जी धडपड करतो, तिचा असतो.

तुमचंच बघा. लेकीने फोन उचलला, ‘आई, मुलुंड आलं’ म्हणाली. सुटलात. किती वेळ? दहा मिनिटं. मग व्हॉट्सॲपचं ‘लास्ट सीन’. मनाने धडा काय घेतला? फोन केला म्हणून पोरगी सुखरूप आली. मग उद्या फोन लवकर लागतो, आणि लेक तो उचलायला कंटाळते.

तर पुढच्या वेळी हात फोनकडे गेला की थोडं थांबा. घसा कोरडा पडलाय, खांदे कानापर्यंत आलेत, एवढं बघा. ‘तिला काहीतरी झालंय’ याऐवजी मनात म्हणा, ‘तिला काहीतरी झालंय असा विचार आलाय.’ भीती जाईल असं नाही. ती असू दे, तुम्ही कुकर लावा. श्वास मोजून भीती घालवायला बसलात, तर पुन्हा तीच धडपड सुरू. हे ऐकायला सोपं वाटतं, करताना नको होतं, म्हणून मॅडम सोबत हव्यात.

याचा दुसरा अर्धा भाग मला जास्त आवडतो: चिंतेपायी सोडून दिलेलं काय आहे, ते परत धरायचं. घाणेकर नाट्यगृहात शेवटचं नाटक कधी पाहिलंत? तीन तास फोन बंद ठेवावा लागतो म्हणून जात नसाल, तर तिकीट काढा. भीतीसकट जा.

जादू मात्र समजू नका. अभ्यासात ही पद्धत आणि शरीर सैल सोडण्याचा जुना उपचार साधारण सारखेच उपयोगी ठरले. त्या अभ्यासात १६ बैठका होत्या, तेव्हा दोन मंगळवारांत निकाल लावू नका. झोप फारच उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. गोळ्या आणि हा उपचार एकत्र चालतात. आणि तुम्ही एकट्या नाही, सततच्या चिंतेचा हा आजार बायकांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो.

‘ठाण्याला पाठवा’ हा विनोद आपण ठाणेकरांनी पुष्कळ ऐकलाय. १९०१ सालचं ते मनोरुग्णालय, पण तिथेही बाह्यरुग्ण विभागात दाखवून लोक आपापल्या घरी जातात. रात्री फारच घाबरं झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा, सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. फुकट आहे, मराठीत बोलतात.

नामस्मरण आवडत असेल तर करा, भीती पळवायला नको. आणि सासूबाईंना खरं तेच सांगा: ‘झोप लागत नाही, त्याच्या उपचाराला जाते. मंगळवारी सातपर्यंत येईन, भाताचं तुम्ही बघा.’