आजेसासूबाईंची पितळी पातेली: आमटीला हो, बाळाच्या दुधाला नाही

माळ्यावरून आजेसासूबाईंची दोन पितळी पातेली काढली आहेत, त्यात रोजची आमटी आणि बाळाचं दूध केलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. आमटी चालेल, पण आधी कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर, करून घ्या. बाळाचं दूध मात्र स्टीलमध्येच तापवा आणि स्टीलमध्येच ठेवा, कल्हई कितीही लखलखीत असली तरी.

दुधाचं आधी सांगते, कारण तिथे फसगत होते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आमटी किंवा ताक बिनकल्हईच्या भांड्यात कळकलं की जिभेला लगेच कळतं, आणि तरीही खाल्लंच तर मळमळ, उलट्या. दूध आंबट नसतं, चवही फारशी बिघडत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण दुधातली प्रथिनं तांबं धरून ठेवतात. पूर्वी आपल्याकडे लहान मुलांचं यकृत निकामी करणारा एक आजार होता, इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. १९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांच्या खाण्यापिण्याची चौकशी केली, तेव्हा पितळेच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं वरचं दूध पुन्हापुन्हा पुढे आलं. घरोघरी स्टील आलं आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. ‘आमच्या आजीने सगळ्यांना पितळेतलंच दूध दिलं’ असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, बाळाचं भांडं तेवढं वेगळं ठेवा.

आता कल्हई. दारावर येणाऱ्या कल्हईवाल्याला पातेलं देऊन आत जाऊ नका, समोर उभ्या राहा. (बाळाला घेऊन नको, नवसागराचा पांढरा धूर घशाला झोंबतो.) भांडं आधी घासून लख्ख करायचं, भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं. सगळी मेख त्या कांडीत आहे. कथील महाग, म्हणून काही जण शिसं मिसळलेला डाख वापरतात, आणि शिसं पोटात जाणं तांब्याहूनही वाईट. कांडी हातात घेऊन कानाशी वाकवून पाहा: चांगलं कथील वाकताना करकरतं, शिसं मुकाट वाकतं. थोडी भेसळ या परीक्षेतून निसटू शकते, म्हणून मी ओळखीच्या भांडेवाल्याकडून कथील आणून देते. पुण्यात असाल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी करा.

कल्हई झाली की दोन सवयी बदला. कथील २३२ अंशांना वितळतं, तेव्हा रिकामं पातेलं आचेवर ठेवायचं नाही आणि त्यात तेल धुरावेपर्यंत तापवायचं नाही. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओता, आमटीला वासही छान येतो. ढवळायला लाकडी डाव. चिंच-मीठ किंवा पितांबरी फक्त बाहेरून, आतून मऊ घासणी, तारेची नकोच. पुढची कल्हई कधी, याला तारीख नसते. तळाशी पिवळं दिसायला लागलं की ते पातेलं आमटीतून बाद.

आणि कल्हई असली तरी आमसुलाचं सार, कढी, चिंचेची आमटी शिजली की लगेच स्टीलच्या भांड्यात काढा. रात्रभर पितळेत ओलं काही ठेवायचं नाही. कणीक मळायची परात, पोह्या-चिवड्याचे डबे यांना कल्हईची गरज नाही, कोरड्याला काही होत नाही. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत अन्न शिजवणं-ठेवणं अन्नभेसळीच्या १९५५च्या नियमांतही अयोग्य धरलं होतं. साखरेच्या मिठाईपुरती तांब्याला सूट होती, म्हणून हलवायाची उघडी तांब्याची कढई बघून आपण घरी तसं करायचं नाही.

जाता जाता तुमच्या नॉनस्टिक तव्याबद्दल. खरवडलेला असेल तर काढून टाका, चांगला असेल तर रिकामा तापवू नका, बस. घावन-आंबोळ्यांना बिडाचा तवा घ्या, एकदा त्यात तेल मुरलं की नॉनस्टिकची आठवण येणार नाही. पिठलं, पालेभाजी लोखंडी कढईत बिनधास्त. टोमॅटोचं सार केलंत तर काळं पडेल आणि लोखंडाची चव लागेल, त्याने अपाय नाही पण घरचे नाकं मुरडतील.

एक मात्र बारशाच्या जेवणाआधी बघून घ्या: मठ्ठा घुसळायला किंवा वाढायला जस्ताच्या बादल्या कुणी आणल्या तर परत पाठवा. पाण्याला त्या ठीक. ताकात जस्त उतरतं आणि पंगत उठायच्या आत लोकांना उलट्या सुरू होऊ शकतात. केटररला आधीच फोन करून स्टीलचे पिंप सांगा.