मुलांना पहिल्यांदा गोठ्यावर नेताना

आपण मुलांसह नागपूरजवळच्या एका लहान गोठ्यावर प्रथमच जाणार आहात, याचा मनापासून आनंद वाटला. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळाव्यात.

सर्वांत महत्त्वाची वेळ. धार सकाळी लवकर आणि संध्याकाळी काढली जाते. म्हणून मालकांना आधी विचारून थोडे अगोदर पोहोचावे. वासरू आचळाला लागले, कास धुऊन चोळली की गाय पान्हा सोडते, म्हणजे तिचे दूध आचळांत उतरते, आणि तो पान्हा काही मिनिटेच टिकतो. त्याच वेळी अनोळखी मुलांचा गलका झाला, तर बिचकलेली गाय पान्हा चोरते, म्हणजे दूध रोखून धरते, आणि त्या घराचे तेवढे दूध बुडते.

नवखी मंडळी हमखास करतात त्या चुका अशा:

- शिळ्या पोळ्या, भात नेणे. असे अन्न एकदम जास्त पोटात गेल्यास जनावर आजारी पडते; मालक देतील तोच चारा घालावा.
- जनावराच्या मागे उभे राहणे.
- आग्रहाखातर धारोष्ण दूध पिणे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे, जनावरांकडून माणसांना होणारे आजार होतात. दूध उकळूनच प्यावे आणि मुलांचे हात साबणाने धुवावेत.

विदर्भातला उन्हाळा टाळून डिसेंबर-जानेवारीत जावे. नागपुरी म्हैस दिसली, तर तिची मागे वळलेली, तलवारीसारखी लांब शिंगे मुलांना अवश्य दाखवा. आपल्या भागाचे ते वैभव आहे. जातींचा आणि दुधातल्या फॅटचा (स्निग्धांशाचा) हिशेब पुढच्या भेटीत समजून घेता येईल.