अकाउंट सस्पेंड झालं आणि झोप उडाली: खणाच्या तोरणांवाल्या ताई

"मॅडम, अकाउंट सस्पेंड झालंय, परत मिळेल का?" हा प्रश्न समुपदेशकाला विचारायचा प्रश्न नाहीये खरं तर, पण गेल्या तीन-चार वर्षांत मला तो इतक्यांदा आलाय की आता मी "तो माझा विषय नाही" असं म्हणणं सोडून दिलंय. कारण माणूस येतो तो अकाउंटसाठी नाही, झोप लागत नाही म्हणून येतो, जेवण जात नाही म्हणून येतो, आणि मग दहा मिनिटांनी हळूच फोन पुढे करतो.

अशीच एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि अ‍ॅपचं नाव घेत नाही, रील्सवालं अ‍ॅप एवढं पुरे.

ताई सांगलीकडच्या. वय 41. गुळेदगुड्डचं खण आणून त्याचे ब्लाऊजपीस, तोरणं, गौरीसाठी छोट्या साड्या असं घरातूनच शिवून विकतात. 2018 च्या गुढीपाडव्याला सुरू केलेलं काम, आणि 11 हजारांवर फॉलोअर्स जमवलेले, एकही पैसा जाहिरातीवर न घालता. 2024 चा ऑगस्ट, गणपती 7 सप्टेंबरला, म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा सीझन तोंडावर. अशात भाच्याने आयडिया काढली की मामी, प्रोफाईलमध्ये बर्थडेच्या जागी आपल्या ब्रँडचा बर्थडे टाकू, मस्त वाटेल. टाकला. 18 मार्च 2018. सेव्ह केलं आणि पुढच्या क्षणाला लॉगआऊट! सिस्टमच्या हिशोबाने अकाउंट चालवणारी व्यक्ती सहा वर्षांची होती, आणि अशा बहुतेक अ‍ॅप्सवर किमान वय 13 आहे.

ऐकायला विनोदी वाटतं ना? मलाही हसू आलेलं, गिळलं. कारण समोर बसलेल्या बाईचा अंगठा एका लयीत चालला होता, स्क्रीन खाली ओढायची, सोडायची, तीच नोटीस, परत ओढायची. माझ्याशी बोलतानाही. बोटाच्या नखाला हळदीचा पिवळेपणा आणि फोनच्या काचेवर तसाच पिवळा एक ठसा, नेमका त्या ओढायच्या जागेवर. हे सहा दिवस चाललं होतं, रात्री दोन-तीनलाही उठून.

घरचे काय म्हणत होते? नवरा म्हणे, "बरं झालं, जरा डोळ्यांना आराम." सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं. वाईट हेतू कुणाचाच नाही, पण ताईंच्या पोटात काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं. सहा वर्षं रात्री बारा-बारापर्यंत मशीनवर बसून जे उभं केलं ते एका बटणात गेलं, आणि वर "बरं झालं"! मी त्यांना पहिल्या भेटीत एवढंच म्हटलं की ताई, तुमचं दुकान बंद पडलंय आणि कुलूप कुणी लावलं तो माणूसच सापडत नाहीये, अशात कुणालाही झोप लागणार नाही. त्यावर त्या जे रडल्या, मग पंधरा मिनिटं दुसरं काही बोलणं झालं नाही. नुकसान खरं आहे हे कुणीतरी म्हणायला लागतं हो.

मी सायबर एक्स्पर्ट नाही, पण अपीलचा, म्हणजे अकाउंट परत सुरू करा म्हणून कंपनीला केलेल्या विनंतीचा, मजकूर मात्र मी बघायला मागते, कारण त्यात माणसाची अवस्था स्वच्छ दिसते. ताईंनी स्वतः लिहिलेलं पानभर होतं. आदरणीय सर, मी सामान्य घरातली बाई, माझ्या हातून काही चुकीचं घडलं असेल तर लेकरू समजून पदरात घ्या, पुन्हा असं करणार नाही. काय चुकलं ते कुठेच नाही! वाचणाऱ्याला वाटेल बाईंनी खरंच काहीतरी उद्योग केलेत आणि कबुली देतायत. आणि भाच्याने परस्पर पाठवलेलं, ते कॅपिटल अक्षरांत इंग्रजीत, कोर्टात खेचीन वगैरे. शिवाय वेगवेगळे फॉर्म शोधून पाच-सहा ठिकाणी भरलेले, त्यात पूर्ण नावाच्या जागी दुकानाचं नाव. आता दुकानाच्या नावाचं ओळखपत्र कुठून आणणार, त्यामुळे जुळणार कसं? एक जण पाया पडतोय आणि दुसरा भांडतोय, आणि तारखेचा मुद्दा दोघांच्याही लिहिण्यात नाही. घाबरलेला माणूस या दोन्हीपैकी एक करतोच, मी तरी तिसरं काही बघितलेलं नाही.

मग आम्ही दोघींनी बसून चार वाक्यं काढली. हे अकाउंट मी चालवते, मी प्रौढ आहे. 20 ऑगस्टला जन्मतारखेच्या जागी व्यवसाय सुरू झाल्याची तारीख चुकून भरली गेली. माझी खरी जन्मतारीख सोबतच्या ओळखपत्रावर आहे. कृपया तपासून अकाउंट पुन्हा सुरू करावं. बास. भाच्याने ते सोप्या इंग्रजीत केलं. ताई म्हणाल्या, "मॅडम, एवढंच? हे फारच कोरडं वाटतंय, माझी परिस्थिती लिहायला नको का?" मी म्हटलं, परिस्थिती मला सांगा, मी ऐकायलाच बसलेय, तिथे फक्त तारीख सांगा. त्यांना ते पटायला वेळ लागला, म्हणजे पूर्ण पटलं नाहीच, पण पाठवलं. 28 ऑगस्ट.

31 तारखेला उत्तर, ओळखपत्र वाचता येत नाही. बघितलं तर आधार कार्ड लॅमिनेट केलेलं, रात्री ट्यूबलाईटखाली फोटो काढलेला, आणि पांढरा चमकदार पट्टा नेमका जन्मतारखेवरून गेलेला. वर एक कोपराही कापला गेलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या पुढच्या सोप्यात, उन्हात नाही पण उजेडात, मुलीच्या जुन्या काळ्या पाटीवर कार्ड ठेवून फ्लॅश बंद करून फोटो काढला, चारही कोपरे दिसतील असा, आधार नंबरचे पहिले आठ आकडे कागदाच्या पट्टीने झाकून. नाव, फोटो, जन्मतारीख दिसली की काम होतं, पूर्ण नंबर वाटत फिरायची गरज नाही. तसं आधारच्या साइटवरून आकडे झाकलेलं मास्क्ड आधारही डाऊनलोड करता येतं, तेही चालून जातं बऱ्याच ठिकाणी.

आणि मग शांतता. दिवसामागून दिवस. हा जो काळ असतो ना, माझ्या मते खरं समुपदेशन इथे असतं. बँकेत काम अडलं तर काउंटरवर जाऊन वाद घालता येतो, निदान कुणाच्यातरी चेहऱ्याकडे बघून राग काढता येतो, इथे काउंटरच नाही. मग तो राग आत वळतो, मीच मूर्ख, मला कशाला कळतंय यातलं, असं. ताईंशी एक ठरवलं की दिवसातून दोनदाच बघायचं, सकाळी चहा झाल्यावर आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर, आणि अ‍ॅप नाही, फक्त मेल, स्पॅमचा फोल्डर धरून. मधल्या वेळात फोन मुलीच्या कपाटात. पहिले दोन दिवस त्यांनी मला चक्क शिव्या घातल्या असतील मनात.

तिसऱ्या भेटीत त्या आल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळतायत, सोडतायत. मग म्हणाल्या, मॅडम, एक सांगायचं राहिलंय. माझ्याकडे यायच्या आधीच, 22 तारखेला, टेलिग्रामवर एकजण सापडलेला, "कंपनीत आतला माणूस आहे, 24 तासांत अकाउंट चालू" असं सांगणारा. साडेतीन हजार यूपीआयने दिले. मग त्याने ईमेलवर आलेला ओटीपी मागितला तेव्हा यांना शंका आली, दिला नाही, आणि तो ब्लॉक करून पसार. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच. अकाउंटपेक्षा जास्त रडू या साडेतीन हजारांचं होतं. पैशांचं नव्हतंच ते, लाजेचं होतं.

इथे थोडं थांबते, कारण हा प्रकार फार चाललाय. अकाउंट गेल्याची पोस्ट टाका, खाली कमेंटमध्ये पाच मिनिटांत अशी माणसं गोळा होतात, अमक्याला मेसेज करा, माझं त्याने परत मिळवून दिलं. अपील करायला पैसे लागत नाहीत, कधीच नाहीत. आतला माणूस वगैरे काही नसतं. आणि फसलात तर 1930 ला फोन करा, ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, सायबर क्राईमचं सरकारी पोर्टलही आहे, पण लगेच करा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे सरकायच्या आत थांबवायची शक्यता जास्त. ताईंनी लाजेपायी दोन आठवडे घालवले. माझ्यासमोर बसूनच फोन लावला, तक्रार नोंदली गेली, पैसे काही आले नाहीत. ओटीपी दिला नाही म्हणून ईमेलचं खातं तरी बचावलं, नाहीतर अपीलचं उत्तर यायची जागाच गेली असती.

नवऱ्याला सांगायचं का हा प्रश्न दोन भेटी चालला. शेवटी सांगितलं, गौरी जेवणाच्या आदल्या रात्री, भांडी घासता घासता. ते म्हणाले, "साडेतीन हजार गेले तर गेले गं, पण मला सांगितलं का नाहीस?" आणि मग बराच वेळ काही न बोलता भांडी पुसत बसले. ताई म्हणतात लग्नाला एकोणीस वर्षं झाली, भांडी पुसताना पहिल्यांदा बघितलं.

9 सप्टेंबरपर्यंत अ‍ॅपकडून काही नाही म्हटल्यावर पुढची पायरी केली, जी बऱ्याच जणांना माहितीच नसते. आपल्याकडे 2021 च्या आयटी नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, आणि मोठ्या कंपन्यांचा तो भारतात राहणारा असावा लागतो. त्याचा संपर्क अ‍ॅपच्या साइटवर द्यावा लागतो, जरा खणून काढावा लागतो एवढंच. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत. तिथूनही समाधान झालं नाही तर सरकारची तक्रार अपील समिती आहे, जीएसी म्हणतात, 2023 मध्ये सुरू झाली, अधिकाऱ्याचं उत्तर आल्यापासून 30 दिवसांच्या आत ऑनलाईन अपील करायचं, घरी बसून. म्हणून सांगते, नोटीस आली त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढा, प्रत्येक मेलची तारीख वहीत लिहा. अ‍ॅपची स्वतःचीही मुदत असते, काही ठिकाणी 180 दिवस, ती संपली की दार कायमचं बंद. आणि रागाच्या भरात त्याच फोनवरून दुसरं-तिसरं अकाउंट काढत बसू नका, निर्णय चालू असताना ते पळवाट काढल्यासारखं दिसतं आणि नव्यावरही गदा येऊ शकते.

ताईंची तक्रार गेली, दुसऱ्या दिवशी पोच आली. नुसत्या त्या पोचेच्या नंबरने केवढा फरक पडला! नंबर आहे म्हणजे आपण कुठेतरी नोंदलेले आहोत.

मधल्या काळात धंद्याचं काय, तर त्यांच्याकडे कुरिअरच्या पावत्यांचं एक जाडजूड बाड निघालं, सहा वर्षांचं, दोऱ्याने बांधलेलं, प्रत्येक पावतीवर नाव आणि मोबाईल नंबर. हे आपलं स्वतःचंच दुकान आहे की, असं त्यांच्या मुलीच्या लक्षात आलं, माझ्या नाही, उगाच श्रेय घेत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट केला पण ज्यांनी यांचा नंबर सेव्ह केलेला त्यांनाच तो पोचतो, म्हणून मग एकेकीला फोन. पुण्याच्या एक काकू म्हणाल्या, अगं मला वाटलं तू धंदाच बंद केलास! गणपतीचा सीझन मात्र हुकला तो हुकलाच, साठेक तोरणं घरात पडून राहिली. त्याचं काही गोड करून सांगता येणार नाही.

आणि सगळ्यांचं परत येतं असंही नाही. एका मुलाचं अकाउंट हॅक होऊन त्यावरून क्रिप्टोच्या फसव्या पोस्ट गेल्या आणि मग ते बंद झालं, सगळ्या पायऱ्या करूनही आलं नाही, आणि त्यात त्याच्या वारलेल्या वडिलांचे व्हिडिओ होते. त्याच्याबरोबर अपीलचं काम कमी आणि दुखवट्याचं जास्त केलं. काही अ‍ॅप्स बंद अकाउंटमधूनही आपला डेटा डाऊनलोड करू देतात, ते बटण सगळ्यात आधी बघा, अपीलच्याही आधी. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ताईंना मेल आला 20 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी होऊन तीन दिवस झालेले. कळलं मात्र दोन तास उशिरा, कारण फोन कपाटात आणि त्या नवरात्राच्या ब्लाऊजपीसना काठ जोडत बसलेल्या. मला संध्याकाळी मेसेज आला, मॅडम, जन्मतारीख दुरुस्त केली, परत 41 ची झाले. भाच्याला प्रोफाईलला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय.