चार दिवस न खाणारा मँटिस: काडी बाजूला ठेवा, झाकणाला हात लावू नका

तुमच्या पोस्टमधल्या तीन गोष्टी एकत्र वाचल्या आणि पोटात गोळा आला. मँटिस (पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरून बसणारा शिकारी किडा) चार दिवस काही खात नाही, डब्याच्या झाकणाला उलटा लटकून बसलाय, आणि तुम्ही रोज संध्याकाळी झाकण काढून त्याला गवताच्या काडीने डिवचता. कारण काय, तर तुम्ही 'सात तारे' शाखेचं मँटिस कुंग-फू, म्हणजे या किड्याच्या हालचालींवर बेतलेली चिनी युद्धकला शिकताय आणि त्याचे हात कसे चालतात ते जवळून बघायचंय. शेवटी विचारलंत, जबरदस्तीने भरवू का? नका भरवू. याच वाटेने माझी एक धडधाकट मादी गेली, म्हणून उत्तर लांबणार आहे. पाणी, ऊब, एका डब्यात एकच जीव, हे तुम्हाला माहीत असणार असं धरून चालतो.

तो आजारी नाही, कात टाकायच्या बेतात आहे. फोटोत पाठीवर पंखांच्या जागी ज्या छोट्या पाकळ्या दिसतात, त्या टम्म फुगल्यात. आधी त्या चपट्या, अंगाला चिकटलेल्या असतात. फुगल्या म्हणजे ही शेवटची कात आणि यातून पंखवाला प्रौढ बाहेर येणार. लहान पिल्लं कात टाकण्याआधी एखाद-दोन दिवसच उपाशी राहतात. या शेवटच्या खेपेला आठवडा-दहा दिवस उपास सहज होतो. पोट भरलेलं दिसतंय ना? मग घाबरू नका. पोट सुकून चपटं पडलं असतं तर वेगळं बोललो असतो.

आता झाकणाकडे वळतो, कारण खरी माती तिथेच होते. कात टाकताना मँटिस मागच्या चार पायांच्या नख्या वर रुतवून उलटा लटकतो. डोक्यामागे पाठीवर कातडी उकलते आणि तो स्वतःच्या वजनाने खाली सरकत बाहेर येतो. पाय शेवटी सुटतात, मोज्यातून काढावेत तसे. काही मिनिटं तो नुसत्या पोटाच्या टोकाने जुन्या कातीला लोंबकळत असतो, मग वळून वर चढतो आणि पंख पसरून वाळवतो. अंगातून निघायला साधारण अर्धा तास, पण कडक व्हायला बरेच तास. या अर्ध्या तासात तुम्ही झाकण उचललंत, तिरकं केलंत, नुसता धक्का दिलात, तरी नखी सुटते. पडला की पाय अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि वाकडे झाले तसेच वाळतात. पिल्लाचा वाकडा पाय पुढच्या एक-दोन कातींत सुधारतो, तुटलेला पायसुद्धा परत येतो. प्रौढ मात्र पुन्हा कात टाकत नाही, म्हणजे जे वाकडं झालं ते कायमचं.

थोडक्यात, तो ज्या छताला लटकून जीवन-मरणाचं काम करतो, तेच छत आपण दार म्हणून वापरतो. विकणारे असेच डबे देतात आणि वर सांगतात, खात नसेल तर भक्ष्य चिमट्याने तोंडाला लावा. कात टाकायच्या तोंडावर असलेल्या किड्याच्या तोंडाला रातकिडा कोंबायचा सल्ला देणाऱ्यांनी तो किडा एकदा तरी पूर्ण वाढवून बघितलाय का, हा माझा जुना प्रश्न आहे. असो.

आज काय करायचं ते सांगतो. आत जिवंत भक्ष्य नसेल तर झाकण उघडूच नका. रातकिडा असेल तर मात्र काढावाच लागेल, कारण लटकलेल्या मऊ मँटिसला रातकिडा कुरतडतो. पाठ अजून उकललेली नाही याची खात्री करा, झाकण मँटिससकट अगदी आडवं ठेवून सरळ वर उचला, उलटं करू नका, रातकिडा काढा आणि झाकण तसंच परत बसवा. पाठ उकलायला लागली असेल तर डब्याला बाहेरूनसुद्धा हात नको. फवारणी झाकणाच्या भोकांतून, फक्त भिंतींवर, दिवसातून एकदा. थेंब काही तासांत सुकले पाहिजेत, नाहीतर बुरशी येते. तापमान २४ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवा.

पडलाच, आणि अजून कातीत अडकलेला असेल, तर वेळ घालवू नका. चिमट्याने फक्त जुनी कात धरा, अंग नाही. कातीच्या मागच्या बाजूला दोरा किंवा छोटी क्लिप लावून त्याला पुन्हा डोकं खाली असं टांगा आणि हवेतला ओलावा वाढवा. कातडी ओढून सोडवायचा मोह होतो, तो टाळा, पाय हातात येतात. हे दरवेळी जमतंच असं नाही.

कात नीट पडली तर पहिला पूर्ण दिवस उपास. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक माशी सोडा, रातकिडा नको. जबडे आणि पुढच्या पायांचे काटे कडक झाल्याशिवाय तो पकडूच शकत नाही.

मग रिकामा डबा सुधारायला घ्या. उंची त्याच्या लांबीच्या तिप्पट, रुंदी दुप्पट. ७ सेंटिमीटरचा मँटिस असेल तर आतून २१ उंच, १४ रुंद. छताला आतून मच्छरदाणीसारखी मऊ जाळी गरम गोंदाने चिकटवा आणि गोंदाचा वास जाईपर्यंत मँटिसला आत ठेवू नका. गुळगुळीत प्लास्टिकवर मोठ्या मँटिसची नखी धरत नाही, धातूच्या जाळीत नखी तुटते. बाजूच्या भिंतीत खालच्या भागात तीनेक सेंटिमीटरचं भोक पाडून त्याला स्पंजचा बोळा लावा. माश्या तिथून सोडायच्या, त्यामुळे झाकण महिनोन्महिने उघडावं लागत नाही. माझ्या मते यापेक्षा मोठी सुधारणा मँटिस पाळण्यात नाही, महागडे दिवे वगैरे नंतर.

राहिली काडी. ही कल्पना कुठून येते ते माहीत आहे. चीनच्या शानतुंग प्रांतात सांगतात त्या कथेत या कलेचा जनक मानला जाणारा वांग लांग लढतीत हरतो, मँटिसला सिकाडाशी (झाडावर किर्र आवाज करणाऱ्या किड्याशी) झुंजताना पाहतो, त्याला घेऊन येतो आणि काडीने डिवचून त्याच्या हालचाली टिपतो. वांग लांग नेमका कधीचा यावरच एकमत नाही, कोणी त्याला सोंग राजवटीच्या काळात नेतं, कोणी त्यानंतरच्या मिंग राजवटीच्या अखेरीस. कथा म्हणून छान आहे, पण ती मँटिस पाळायची रीत नव्हे. (दक्षिणेतल्या हक्का लोकांची मँटिस कला वेगळीच, तिचं उत्तरेकडच्या कलेशी फक्त नाव जुळतं. दोन्हींचे व्हिडिओ एकत्र पाहून गोंधळ करून घेऊ नका.)

काडीला मँटिस जे दाखवतो, पुढचे पाय फाकवणं, पंख पसरणं, अंग उंच करणं, ती घाबरल्यावर द्यायची धमकी आहे. शिकार करताना यातलं काहीच नसतं. तेव्हा तो कधीकधी आधी अंग डावी-उजवीकडे हलकेच झुलवतो. झडपेचं अंतर तो मुख्यतः दोन डोळ्यांच्या मिळून दिसणाऱ्या दृष्टीतून जोखतो. मग झडप, साधारण ५० ते १०० मिलिसेकंद. फोनच्या साध्या, सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत ती दोन-तीन चित्रांत संपते. २४० फ्रेमवर लावा, बारा ते चोवीस चित्रं मिळतील. त्यात दिसेल की मनगट वाकवून 'हूक' मारण्याचा प्रकार तिथे नाही. पायाचे शेवटचे दोन काटेरी भाग अडकित्त्यासारखे मिटतात आणि माशी मधे सापडते. तुमच्या सरावातला वाकवलेला हात मँटिसच्या बसण्याच्या ढबीशी जास्त जुळतो. आणि पदन्यास त्याच्याकडे शोधू नका, तो दबा धरून बसणारा प्राणी. कथेतसुद्धा पावलं माकडाची घेतली आहेत, ते उगीच नाही.

एक जोडटीप: पारदर्शक प्लास्टिकवर डोकं घासून घासून मँटिसच्या डोळ्यावर कायमचा काळा-तपकिरी डाग पडतो. तुम्ही सतत समोर बसून राहिलात तर तो पलीकडे यायला धडपडतो आणि हे वाढतं. दोन बाजूंना आतून कागद लावा. डोळ्यात फिरणारा बारीक काळा ठिपका मात्र डाग नाही, तो तुम्ही जिथून बघाल तिकडे वळल्यासारखा दिसतो.

हे सगळं मोठ्या, सर्वसाधारण जातींपुरतं. ऑर्किड मँटिससारख्या जातींचं ओलाव्याचं गणित वेगळं, आणि तुमच्या फोटोवरून जात मला खात्रीने ओळखता आलेली नाही. परदेशी जात असेल तर ती पाळायला तुमच्याकडे परवानगी लागते का ते तपासा, आणि कंटाळा आला म्हणून बाहेर सोडू नका. पुढचा फोटो पोटाच्या खालच्या बाजूचा टाका, पण झाकण न उघडता. सहा खंड दिसले तर मादी, आठ दिसले तर नर. नर निघाला तर कात झाल्यावर तो कमीच खाईल, तेव्हा पुन्हा 'खात नाही' म्हणून काडी उचलू नका.