हाताच्या मापाचा लिव्हर, मुठीच्या मापाची ग्रिप

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहते. तीन वर्षांपासून साडेतीनशे सीसीची क्रूझर मोटारसायकल चालवते आणि दर मंगळवारी तिच्यावरून तुळजापूरला जाते. माझे हात लहान असल्यामुळे क्लच आणि ब्रेकपर्यंत बोटे ताणावी लागतात, परतताना उजव्या तळहाताला मुंग्या येतात आणि मे महिन्यात ग्रिप चिकट होतात. दुकानदार दोन बोटांचे आखूड रंगीत लिव्हर आणि जाड, मऊ ग्रिप सुचवतो. घ्यावेत का? — एक वाचक

उत्तर : या दोन्ही वस्तू आपल्या हातांसाठी मला योग्य वाटत नाहीत. त्याची कारणे सांगतो, पण त्याआधी एक बिनखर्चाचा उपाय करून पाहा. गाडीवर नेहमीसारखे बसून डोळे मिटा, मुठी ग्रिपवर ठेवा आणि बोटे सरळ पुढे करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या सरळ रेषेत लिव्हर आला पाहिजे. क्रूझरचे हँडल मागे ओढलेले असते, त्यामुळे लिव्हर थोडा जरी वर राहिला तरी मनगट उलटे मुडपते आणि अंतर आहे त्याहून जास्त भासते. लिव्हर हँडलला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून लिव्हर फिरवता येतो; ब्रेकच्या बाजूला मात्र ऑइलची टाकी कलंडणार नाही इतकाच फिरवावा.

एवढ्याने भागले नाही, तर पूर्ण लांबीचे, अंतर कमी-जास्त करण्याचा खटका असलेले लिव्हर घ्या. आखूड लिव्हरवर बोटे खिळीच्या, म्हणजे लिव्हर ज्या बोल्टवर फिरतो त्याच्या, जवळ येतात. आज आपण खिळीपासून बारा सेंटीमीटरवर ओढत असाल आणि आखूड लिव्हरवर नऊ सेंटीमीटरवर ओढू लागलात, तर तेवढ्याच कामासाठी एक तृतीयांश जास्त जोर लागेल. सात रस्त्याच्या गर्दीत वरचेवर क्लच दाबणाऱ्या लहान हाताला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. खटका सर्वांत जवळच्या टप्प्यावर आणल्यावर दोन गोष्टी तपासा : पूर्ण ओढलेला ब्रेक ग्रिपला टेकता कामा नये, आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून ठेवला असता गाडी पुढे सरकता कामा नये.

दुकानात रंगापेक्षा भोक पाहा. आपल्या गाडीचा खिळीचा बोल्ट सोबत न्यावा आणि नव्या लिव्हरच्या भोकात घालून हलवून पाहावा. वर-खाली डुलत असेल तर तो लिव्हर परत करावा. क्लच केबलचे टोक आपल्या खाचेत सहज फिरले पाहिजे. ते अडकले तर प्रत्येक दाबासरशी केबल तिथेच वाकते आणि तिची एकेक तार तुटत जाते.

ब्रेकच्या लिव्हरविषयी मात्र मला सविस्तर सांगितलेच पाहिजे. मास्टर सिलिंडरमधला, म्हणजे लिव्हर ओढल्यावर ब्रेकचे ऑइल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्यातला, पिस्टन पूर्ण मागे आला, तरच ऑइलला टाकीत परतण्याचे बारीक छिद्र मोकळे होते. नव्या लिव्हरची पिस्टनवर टेकणारी कड थोडी जरी पुढे आलेली असली, तरी पिस्टन किंचित दाबलेला राहतो आणि छिद्र झाकलेले राहते. मग चालताना ऑइल तापून फुगते, त्याला जायला वाट उरत नाही आणि पॅड आपोआप डिस्कवर आवळत जातात. गेल्या उन्हाळ्यात एका परिचिताची गाडी मी अशाच अवस्थेत पाहिली. निघताना चाक मोकळे फिरत होते, पण वीसेक किलोमीटरनंतर ढकलूनही गाडी हलेना आणि डिस्कला जळका वास येत होता. लिव्हरचा बोल्ट सैल करून तो मागे घेताच चाक सुटले. म्हणून नवा लिव्हर बसवल्यावर ब्रेक लागू होण्यापूर्वी थोडी मोकळी चाल हाताला जाणवलीच पाहिजे. दहा किलोमीटर चालवून गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहा, आणि लिव्हर ओढल्यावर मागचा लाल दिवा लागतो व सोडल्यावर विझतो, हेही पाहा.

आता ग्रिप. जाड ग्रिपने मुठीचा घेर वाढतो, म्हणजे लिव्हरपर्यंत पोहोचायला बोटांना आणखी ताण पडतो. आपल्याला मूळ जाडीची, मध्यम कडक, बारीक खाचांची रबरी ग्रिप हवी. फोमची ग्रिप घाम पिते आणि आपल्याकडच्या उन्हात लवकर भुगा होते. उजव्या हाताच्या मुंग्या बहुधा ॲक्सिलरेटर घट्ट आवळून धरल्याने आणि हँडलच्या कंपनाने येत असाव्यात. मूठ सैल ठेवून, हँडलच्या टोकांना जड वजने बसवून पाहा; गाडीवरून उतरल्यावरही बधिरपणा राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ग्रिप पेट्रोलने पुसू नये, त्याने रबर चिकट होते. गाडी उन्हात उभी करावी लागली तर हँडलवर टॉवेल टाकावा. सोलापुरात त्याची वाण नाही.

ग्रिपची जोडी घेताना उजवीचे भोक डावीपेक्षा मोठे असते, कारण ती ॲक्सिलरेटरच्या नळीवर बसते. बसवताना तेल किंवा ग्रीस लावू नये. ग्रिपचा गोंद लावून रात्रभर वाळू द्यावा. दोन्ही टोकांना थोडी फट ठेवावी. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून ॲक्सिलरेटर सोडावा. दोन्हींपैकी कोणत्याही वेळी तो खटकन मागे येण्यात अडला, तर गाडी रस्त्यावर आणू नये.

प्रश्न : नवे लिव्हर बसवल्यावर कंपनीचे जुने लिव्हर विकावेत का? — एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : विकू नयेत. बोल्टसह कापडात गुंडाळून ठेवावेत आणि लांबच्या प्रवासात गाडीच्या पिशवीत न्यावेत. गाडी आडवी पडून लिव्हर तुटला, तर बाहेरच्या बनावटीचा तसाच दुसरा लिव्हर वाटेतल्या गावात मिळेलच असे नाही.